प्रोसेसर थंड, मदरबोर्ड गरम: सोलापूरच्या उन्हाळ्यातला धडा

गेल्या मे महिन्यात माझ्या संशोधनातला एक निष्कर्ष साफ चुकला होता. गंमत म्हणजे कोडमध्ये काहीच चूक नव्हती.

मी सोलापुरात घरच्या कॉम्प्युटरवर दोन अल्गोरिदमच्या वेगाची तुलना करत होतो. वेळ वाचावा म्हणून प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवला. जुना पंखा काढून लिक्विड कूलर बसवला. प्रोसेसरचं तापमान ७० अंशांच्या आत, मी खूश! पहिला अल्गोरिदम सकाळी चालवला, दुसरा दुपारी. दुसरा बराच हळू निघाला. तक्ता घेऊन गाईडकडे गेलो तर सरांनी एकच प्रश्न विचारला, "कुठला कधी चालवला?"

घरी येऊन क्रम उलटा केला. आता पहिला हळू! म्हणजे मी अल्गोरिदम नाही, सोलापूरची दुपार मोजत होतो.

उष्णता नेमकी कुठे होती?

प्रोसेसरच्या शेजारी मदरबोर्डवर छोट्या चौकोनी भागांची रांग दिसते. हे व्हीआरएम, म्हणजे व्होल्टेज नियंत्रित करणारं सर्किट. त्यात मॉस्फेट, चोक आणि कपॅसिटर असतात. पॉवर सप्लायकडून आलेले १२ व्होल्ट उतरवून ते प्रोसेसरला सव्वा व्होल्टच्या आसपास देतात. व्होल्टेज कमी, त्यामुळे करंट प्रचंड. १२५ वॉटचा प्रोसेसर १.२५ व्होल्टवर चालला तर १०० अँपिअर लागतात. घरातलं गिझरचं मोठं सॉकेट असतं १६ अँपिअरचं!

आता हिशेब करू. प्रोसेसरची पॉवर ढोबळमानाने व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी या प्रमाणात वाढते. समजा, दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले:

- पॉवर: १.१ × १.१ × १.१ = १.३३ पट
- करंट (पॉवर भागिले व्होल्टेज): १.२१ पट
- मॉस्फेटच्या रोधात होणारी उष्णता (करंटचा वर्ग): १.४६ पट

म्हणजे वेग १० टक्के वाढला, प्रोसेसरची उष्णता ३३ टक्के वाढली, पण मॉस्फेटमधली ही उष्णता ४६ टक्के! शिवाय मॉस्फेट तापला की त्याचा रोध वाढतो, आणि रोध वाढला की तो आणखी तापतो. एका मर्यादेनंतर बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो. माझ्याकडे हेच झालं होतं.

आणि लिक्विड कूलर? जुना पंखा वरून खाली वारा सोडायचा, तो आपोआप व्हीआरएमलाही लागायचा. मी तो काढला आणि नकळत व्हीआरएमचा वारा बंद केला.

खोलीचं तापमान विसरू नका

कुठल्याही भागाचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक त्या भागाच्या उष्णतेमुळे झालेली वाढ. समजा, साध्या वेगाला ही वाढ ४५ अंश आहे. ओव्हरक्लॉकनंतर ती १.४६ पट, म्हणजे ६६ अंश होईल. एसी लॅबमध्ये २५ अंशांवर ९१. सोलापूरच्या मे महिन्यात ४० अंशांवर १०६! इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांमागे साधारण निम्मं होतं, हे लक्षात घेतलं की या १५ अंशांची किंमत कळते.

पंखा कितीही मोठा लावा, तो खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. आपल्याला पंख्याखाली गार वाटतं ते घाम सुकल्यामुळे, आणि माठातलं पाणी गार होतं ते पाझर सुकल्यामुळे. मदरबोर्डला घाम येत नाही.

मग करायचं काय?

१. व्हीआरएमच्या हीटसिंकवर वारा लागेल असा एक छोटा पंखा लावा. माझा प्रश्न यानेच निम्मा सुटला.

२. हीटसिंकखालचा थर्मल पॅड नीट चिकटलाय का बघा. तो सुकला की मधे हवा राहते, आणि हवा उष्णता फार कमी वाहून नेते.

३. पंख आणि जाळ्या साफ करा. आमच्या पूर्व भागात यंत्रमाग असल्याने सुताचं तूस घरोघरी येतं आणि हीटसिंकच्या फटींत गादीसारखं बसतं.

४. वॉटर कूलरने खोली जरूर थंड करा, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. बोअरच्या जड पाण्याचे तुषार उडाले तर सुकल्यावर बोर्डवर क्षार राहतात.

५. व्होल्टेज थोडं उतरवून बघा. वर्गाचा नियम उलट्या दिशेनेही चालतो. मात्र प्रत्येक टप्प्यावर स्थिरता तपासा.

आणि संशोधनासाठी सगळ्यात महत्त्वाचं: मोजमाप घेताना ओव्हरक्लॉकिंग बंद ठेवा. अस्थिर मशीन बंद पडलं तर निदान कळतं, पण एखादा आकडा गुपचूप चुकला तर कळतच नाही. प्रत्येक रनसोबत प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी, व्हीआरएमचं तापमान आणि खोलीचं तापमान नोंदवा. रनचा क्रम आलटून-पालटून ठेवा.

माझ्या वहीत आता प्रत्येक तक्त्याच्या वर दोन रकाने असतात: वेळ आणि खोलीचं तापमान. त्या दोन अल्गोरिदमच्या वेगात, तुम्हाला उत्सुकता असेल तर सांगतो, काहीही फरक निघाला नाही.