काळ्या मातीतले पहिले मडके : राळेगाव परिसरात कुंभारकामाची सुरुवात

राळेगाव तालुक्यात कुंभारकाम शिकू पाहणाऱ्याची पहिली गाठ पडते ती काळ्या मातीशी. यवतमाळ जिल्ह्याचा हा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे आणि तो खडक झिजून तयार झालेली कपाशीची भारी जमीन वर्धा नदीच्या बाजूला पसरली आहे. पाणी धरून ठेवते म्हणून शेतकऱ्याला ती हवीशी वाटते. कुंभाराला नेमका तोच गुण जड जातो. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी उडाले की आक्रसते. उन्हाळ्यात वावराला पडणाऱ्या भेगा त्यामुळेच पडतात. नुसत्या काळ्या मातीची वाटी हाताखाली छान वळते, पण सावलीत वाळतानाच तडकते. म्हणून या भागात नवशिक्याने चाकाला हात लावण्याआधी माती शिकावी, हाच क्रम योग्य.

कुंभार वावरातली माती सरसकट उचलत नाहीत. तलावाच्या तळाचा गाळ, नाल्याच्या वळणावर साचलेला पोयटा, ओढ्याकाठची रेतीमिश्रित माती यांवर त्यांची भिस्त असते. पाण्याने वाहून आणलेली ही माती बारीक असते आणि तिच्यात थोडी रेतीही मिसळलेली असते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्य शासनाची योजना 2017 मध्ये सुरू झाल्यापासून अनेक तलावांतला गाळ उन्हाळ्यात काढून वावरात टाकला जातो. शिकणाऱ्याला त्यातली दोन-तीन घमेली पुरतात. ती मात्र विचारून न्यावीत.

आणलेली माती पारखायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती आणि बाकी पाणी घालून जोरात हलवून ठेवले, की रेती आधी तळाला बसते, तिच्यावर पोयटा आणि सगळ्यात शेवटी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, चिकणमातीचा थर. कोणता थर किती जाड, हे डोळ्यांनीच दिसते. मग ओल्या मातीची पेन्सिलीएवढी वळी करून ती बोटाभोवती गुंडाळावी. बाहेरच्या बाजूला चिरा पडल्या तर चिकटपणा कमी. चीर न पडता वळी बोटाला बिलगली तर माती कामाची. तिसरी परीक्षा आकसण्याची. मातीची चपटी पट्टी थापून तिच्यावर 10 सेंटिमीटरची रेघ ओढावी आणि पट्टी पूर्ण वाळल्यावर रेघ पुन्हा मोजावी. ती साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास राहिली तर ठीक. नऊच्या खाली गेली तर मातीला रेती, राख, भुसा किंवा लीद यांची जोड हवी. काळसर मातीत पाचवा हिस्सा बारीक रेती घालून सुरुवात करावी आणि तडे थांबेपर्यंत थोडी थोडी वाढवावी. फुटक्या माठाची खापरे कुटून केलेला भुगा रेतीहून चांगला, कारण तो एकदा भाजलेला असतो आणि पुन्हा आकसत नाही.

चौथी परीक्षा बहुतेक नवशिके सोडून देतात आणि या भागात तीच सर्वांत महत्त्वाची. काळ्या जमिनीत चुनखडीचे पांढरे खडे असतात. भांडे आव्यात, म्हणजे गावच्या भट्टीत, भाजले गेले की त्या खड्याचे कळीचुन्यात रूपांतर व्हायला सुरुवात होते. आव्यातून निघालेले भांडे निर्दोष दिसते. पुढे काही दिवसांत हवेतला ओलावा चुन्याला भेटतो, चुना फुगतो आणि भांड्याच्या अंगावरून नखाएवढी खपली उडते. खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला, की कारण समजावे. वाळलेल्या मातीवर लिंबू पिळून बुडबुडे येतात का, हे आधी पाहावे. येत असतील तर माती पाण्यात विरघळवून बारीक जाळीच्या चाळणीतून किंवा मलमलीतून गाळावी. खडे निघून गेले की मागे राहिलेली चुन्याची बारीक पूड फारसा त्रास देत नाही.

गाळण्याआधी माती कडक वाळवावी. अर्धवट ओले ढेकूळ पाण्यात दिवसेंदिवस तसेच राहते. कोरडे ढेकूळ मात्र टाकताच फसफसून विरते. गाळलेला चिखल जुन्या सुती कापडावर पसरून घट्ट होऊ द्यावा आणि मग झाकून ठेवावा. मुरलेली माती अधिक लवचिक होते, तेव्हा येथे घाई करू नये. घडवण्याआधी तिला कणकेसारखे मळायचे असते. मळलेला गोळा तारेने मधोमध कापून पाहावा. कापलेल्या बाजूवर हवेची भोके दिसली तर पुन्हा मळावे. माती चाळताना आणि कुटताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते, कारण तिच्यात सिलिका असते. ही कामे नाकाला फडके बांधून, शक्यतो उघड्यावर करावीत आणि जागा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

घडवण्याची सुरुवात हातानेच व्हावी. शहरातल्या वर्गांत पहिल्या दिवशी चाकावर बसवण्याची पद्धत रूढ आहे. त्यातून आनंद मिळतो, पण भिंतीची जाडी बोटांना कळत नाही. मुठीएवढ्या गोळ्यात अंगठा खुपसून, गोळा फिरवत, भिंत दाबत वाटी करणे हा खरा पहिला धडा. भिंत सगळीकडे सारखी, साधारण पाऊण सेंटिमीटर जाड आली, की निम्मे काम आले. पुढे वळ्या एकावर एक रचून कुंडी करता येते. जोडायच्या दोन्ही कडा टोकदार काडीने ओरखडून, पातळ चिखल लावून दाबल्या नाहीत, तर जोड वाळताना सुटतो. पणती, संक्रांतीचे सुगडे, पोळ्याचा मातीचा बैल हे सराव म्हणून उत्तम. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. भुलाबाई-भुलोजीच्या मूर्ती घडवताना अंग, हात, डोके जोडण्याचा सगळा अभ्यास होतो. शाडूच्या गणेशमूर्तीचा अनुभव इथे थोडाच उपयोगी पडतो, कारण ती मूर्ती भाजायची नसते आणि भाजताना येणारे प्रश्न तिच्या बाबतीत उद्भवत नाहीत.

चाकावर माती मध्यावर आणणे हेच मुळात अवघड. गोळा जराही बाजूला असला तर भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ येते. त्यासाठी हातांत जोर कमी आणि स्थिरपणा जास्त लागतो. कोपर मांडीला टेकवले की तो मिळतो. पारंपरिक चाक दांड्याने फिरवतात, आता विजेची चाकेही बरीच दिसतात. माठ मात्र पूर्णपणे चाकावर तयार होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चाकावर तोंड आणि जाड अंग तेवढे काढतात. माती थोडी सुकल्यावर आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत अंग वाढवतात आणि बूड बंद करतात. या थापण्यामुळे भिंत पातळ आणि घट्ट होते. अनेक घरांत थापणे, रंग देणे, वाळवणे आणि बाजारात नेणे हा मोठा भाग बायकांकडे असतो. कौतुक मात्र चाकावरच्या हाताचेच होते, हे अन्यायाचे आहे.

वाळवण्यात विदर्भाचे ऊन शत्रू ठरते. काठ आधी सुकतो, बूड ओले राहते आणि मधल्या ताणाने भांडे फाटते. सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर, काठावर ओलसर फडके टाकून वाळवावे. काठ कडक झाला की भांडे पालथे घालावे. गालाला लावल्यावर भांडे गार लागले तर आत अजून पाणी आहे.

भाजणे हा या कलेचा कणा. गावचा आवा म्हणजे गोवऱ्यांचा थर, त्यावर भांडी, मधल्या फटींत आणि वर पऱ्हाट्या, तुराट्या, गवत आणि शेवटी माती-राखेचे लिंपण. सुरुवातीचा विस्तव धिमा हवा. शंभर अंश सेल्सिअसजवळ उरलेले पाणी वाफ होऊन घाईने बाहेर पडू लागले तर भांडे फुटते. पुढे 450 ते 600 अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांतच बांधलेले पाणी निघून जाते आणि तिथून पुढे ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. साध्या आव्यात उष्णता साधारण 700 ते 850 अंशांपर्यंत जाते. आवा आपसूक थंड होईपर्यंत उघडू नये. भरपूर हवा मिळाली तर मातीतले लोह लाल रंग देते, हवा कोंडली तर भांडे काळे होते. विदर्भातल्या महापाषाणयुगीन शिलावर्तुळांत, नागपूरजवळच्या माहुरझरीसारख्या ठिकाणी, काळ्या-तांबड्या रंगाची भांडी सापडली आहेत. हवेचा हाच खेळ त्या कुंभारांना अडीच हजार वर्षांपूर्वी साधलेला होता.

भाजलेले भांडे बोटाच्या पेराने वाजवून पाहतात. खणखणीत आवाज आला तर पक्के, बद्द आला तर कच्चे किंवा तडकलेले. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासून नामदेवांना कच्चे ठरवल्याची कथा याच रोजच्या परीक्षेवर उभी आहे. असे बिनझिलईचे भांडे सच्छिद्र असते; पाणी झिरपून उडते म्हणून माठ गार राहतो. चहाचे कप किंवा बशा हव्या असतील तर झिलई आणि 1200 अंशांवरची भट्टी लागते. नवशिक्याने त्या वाटेला लगेच जाऊ नये, आणि शिसे असलेली झिलई खाण्यापिण्याच्या भांड्याला कधीही लावू नये.

पुढचे शिक्षण घ्यायचे तर राळेगावहून फार लांब जावे लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला गांधीविचाराच्या कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी 1950 च्या दशकात ग्रामोदय संघ उभा केला. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांबरोबर उष्णतारोधक माती सापडते आणि तिच्यामुळे तिथे उच्च तापमानाच्या भांड्यांचे काम रुजले. वर्ध्याला 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेले मगन संग्रहालय ग्रामोद्योगांची ओळख करून देते. लांब जायची तयारी असेल तर बेळगाव जिल्ह्यात खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे. पिढीजात काम करणाऱ्यांसाठी 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्या 18 व्यवसायांत कुंभारकाम असून प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते.

या भागात कामाचे वेळापत्रक ऋतूच ठरवतात. वैशाखात तलाव आटला की गाळ आणावा, पावसाळ्यात तो भिजवून, गाळून मुरत ठेवावा, दसऱ्यानंतर घडवायला बसावे आणि कापूस वेचून पऱ्हाट्या मोकळ्या झाल्या की भाजावे. स्वतःचा आवा पेटवण्याआधी एकदा तरी जवळच्या कुंभाराकडे जावे, त्याच्या आव्यात आपल्या चार वाट्या ठेवायला जागा मागावी, आवा रचताना शेजारी उभे राहून पाहावे, आणि त्या जागेचे व शिकवणीचे पैसे त्याला न मागता द्यावेत.