खिशातून मनगटावर

साखळीचे, खिशात ठेवायचे जुने घड्याळ काही घरांत अजून कपाटाच्या खणात सापडते. चावी दिली तर ते टिकटिकतेही. पण आता ते खिशात घालून हिंडणार कोण? म्हणून अशा घड्याळाचे यंत्र नव्या केसमध्ये बसवून, पट्टा लावून त्याचे मनगटी घड्याळ करून देणारे कारागीर अनेक देशांत आहेत. वरवर पाहता हे कपडे बदलण्याइतके सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र बरीच घड्याळे खिशात नीट चालतात आणि मनगटावर आली की बिघडतात. असे का होते, हे समजून घेताना आपल्या पाठ्यपुस्तकातील आंदोलनांचा धडा नव्याने उलगडतो.

चावी देताना आपण एक पोलादी स्प्रिंग गुंडाळतो. तिची ऊर्जा दंतचक्रांच्या मालिकेतून एका छोट्या चाकापर्यंत पोचते. हे संतुलन-चक्र केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर पुढे-मागे फिरते. ही सर्पिल स्प्रिंग 1675 मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने घड्याळात आणली. लंबकाचा आवर्तकाल गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असतो. या चक्राचा आवर्तकाल मात्र फक्त दोन गोष्टींवर ठरतो: चक्राचे जडत्व आघूर्ण आणि स्प्रिंगचा ताठरपणा. म्हणूनच घड्याळ खिशात घेऊन चालता येते. लंबकाच्या घड्याळाचे तसे करता येणार नाही.

आता थोडे आकडे पाहू. अशा अनेक घड्याळांत सेकंदाला 5 टिकटिक होतात, म्हणजे दिवसाला 4,32,000. गेल्या शतकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील रेल्वे कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या घड्याळात आठवड्याला 30 सेकंदांहून जास्त चूक चालवून घेत नसत. आठवड्यात 6,04,800 सेकंद असतात. म्हणजे 20 हजारांत 1 एवढीच चूक! यामागे कारण होते. 1891 मध्ये ओहायो राज्यात किप्टन येथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. एका चालकाचे घड्याळ काही मिनिटे मागे पडल्याने ती झाली, असे सांगितले जाते. त्यानंतर घड्याळांच्या तपासणीचे नियम कडक झाले. रूपांतरासाठी आज ज्यांना मोठी मागणी असते, त्यांत ही रेल्वेची यंत्रे आहेत.

या यंत्रांची पाच स्थितींत जुळणी केलेली असे: तबकडी वर, तबकडी खाली, चावी वर, चावी डावीकडे आणि चावी उजवीकडे. स्थितीने काय फरक पडतो? संतुलन-चक्राचा गुरुत्वमध्य नेमका आसावर असेल तर काहीच नाही. पण एका बाजूला किंचित वजन जास्त असेल, तर चक्र उभे राहताच त्यात लंबकाचा थोडा अंश शिरतो. आंदोलने लहान असताना जड बाजू खाली आली तर गुरुत्वाकर्षण स्प्रिंगला मदत करते व घड्याळ पुढे जाते. ती वर आली तर मागे पडते. शिवाय आडव्या घड्याळात आस टोकावर टेकतो, उभ्या घड्याळात टोकाच्या कडेवर. त्यामुळे घर्षण वाढते व आंदोलने लहान होतात.

वरच्या यादीत सहावी स्थिती नाही, हे लक्षात आले का? चावी खाली! खिशात घड्याळ उलटे कधी लटकत नाही, म्हणून त्या स्थितीची जुळणी सहसा केली जात नसे. आता तेच यंत्र डाव्या मनगटावर, चावी 3 च्या जागी ठेवून बांधा आणि हात खाली सोडा. चावी जमिनीकडे येते. ज्या स्थितीसाठी ते सहसा तपासले जात नसे, नेमकी तीच स्थिती मनगटावर वारंवार येते. चांगला कारागीर म्हणूनच या सहाव्या स्थितीत यंत्र पुन्हा तपासतो.

आणखी एक अडचण आहे. उघड्या तबकडीच्या घड्याळात चावी 12 च्या वर आणि सेकंदकाटा 6 च्या जागी, म्हणजे दोन्ही एका रेषेत असतात. झाकणाच्या घड्याळात ती दोन्ही काटकोनात असतात. मनगटासाठी दुसरी रचना सोयीची. स्वित्झर्लंडच्या आयडब्ल्यूसी कंपनीने 1930 च्या दशकाच्या अखेरीस पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या मागणीवरून मोठे मनगटी घड्याळ बनवले, तेव्हा झाकणाच्या घड्याळाचेच यंत्र घेतले. रेल्वेची यंत्रे मात्र उघड्या तबकडीची. त्यात चावी 3 कडे आणायची तर तबकडी नवी करावी लागते आणि सेकंदकाटा 9 पाशी जातो. मूळ तबकडी ठेवली तर चावी 12 च्या जागी, पट्ट्याला अडते. पण हात खाली सोडल्यावर ती आडवी राहते, म्हणजे यंत्र जुळणी झालेल्या स्थितीत येते. दिसायला गैरसोयीचे ते भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बरे!

मनगटाला धक्केही फार बसतात. संतुलन-चक्राच्या आसाची टोके मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतकी बारीक असतात. धक्का झेलणारी स्प्रिंगवरची बैठक 1930 च्या दशकापासून रूढ होत गेली. जुन्या यंत्रांत ती बहुधा नसते. टाळी वाजवणेही अशा घड्याळाला धोक्याचे. आकाराचे म्हणाल तर रेल्वेच्या '16 साइझ'च्या यंत्राचा व्यास 43.18 मिमी, केस निराळीच.

मग हा उद्योग करावा का? सोन्याचांदीच्या केस वितळवल्यामुळे असंख्य यंत्रे उघडी पडली. त्यांना नवे घर मिळाले तर चांगलेच. पण मूळ केससह शाबूत असलेले घड्याळ मोडून मनगटी करणे म्हणजे जुन्या पोथीची पाने काढून नव्या वहीला जोडणे होय. आमच्या मते नियम साधा असावा: यंत्राला कानस लावायची नाही, उद्या कोणाला ते पुन्हा खिशात न्यायचे झाल्यास नेता आले पाहिजे. आणखी एक इशारा. अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्यांवर रेडियम असू शकते. त्याचा अर्धायुकाल सुमारे 1600 वर्षे आहे. असे घड्याळ वर्गात उघडू नये.

मुलांना करण्याजोगा प्रयोग मात्र सोपा आहे. चावीचे कोणतेही चालू मनगटी घड्याळ घ्या. रोज ठरावीक वेळी पूर्ण चावी द्या, मोबाइलच्या वेळेशी जुळवा आणि 24 तास एकाच स्थितीत ठेवा. सहा दिवसांत सहा स्थिती होतील. रोजची चूक सेकंदांत तक्त्यात लिहा. सहा आकडे सारखे येणार नाहीत. कोणत्या स्थितीत जड बाजू खाली असावी, हा तर्क मुलांनाच करू द्या. घड्याळ न उघडता त्याच्या आत डोकावण्याचा हा एक मार्ग आहे.