तळ्याकाठचा तंबू फोटोत भारी दिसतो, पण तो ६० मीटर लांब का लावायचा?

पाइनच्या जंगलात लपलेलं छोटंसं तळं, अगदी काठाला लागून केशरी तंबू आणि पाण्यात त्याचं प्रतिबिंब. इन्स्टाग्रामवर असा फोटो दिसला की लगेच शेअर होतो. मात्र जाणकार ट्रेकर तंबूसाठी नेमकी हीच जागा टाळतात. जगभरात पाळला जाणारा साधा नियम असा आहे की, तंबू पाण्यापासून किमान २०० फूट, म्हणजे सुमारे ६० मीटर दूर हवा. साधारण ७० ते ८० मोठी पावलं. यामागची कारणं काय आहेत?

'जुडा का तालाब'चं उदाहरण

उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातला केदारकांठा ट्रेक पुण्या-मुंबईच्या ट्रेकर्सनाही चांगलाच परिचयाचा आहे. सांक्री गावातून चढायला लागलं की वाटेत सुमारे ९,००० फुटांवर 'जुडा का तालाब' लागतो. चहूबाजूंनी सूचीपर्णी जंगल आणि मधोमध लहानसं तळं. हिवाळ्यात ते गोठतं. हा सगळा भाग गोविंद पशुविहार या संरक्षित क्षेत्रात येतो. हिवाळ्याच्या मोसमात अनेक ट्रेकर्सचा पहिला मुक्काम याच परिसरात असतो. म्हणजे एका छोट्या तळ्यावर मोसमभर माणसांचा भार पडतो.

तळ्यात पडलेलं तळ्यातच राहतं

नदीचं पाणी सतत पुढे सरकत असतं. लहान तळ्यात तसं होत नाही. बर्फ वितळून आणि पावसाने जे पाणी येतं, ते बराच काळ तिथेच राहतं. उरलेला भात, भांड्यांचं खरकटं, साबण, लघवी यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात जातात. हे शेवाळाचं खत. शेवाळ वाढतं, मरतं आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतं. त्याचा फटका पाण्यातल्या किडे-माशांना बसतो. थंडीमुळे घाण कुजण्याची प्रक्रियाही संथ असते.

'बायोडिग्रेडेबल' साबण असला तरी तो पाण्यात चालत नाही. असा साबण नीट विघटित व्हायला मातीतले जिवाणू लागतात. त्यामुळे पाणी भांड्यात भरून दूर न्यायचं, तिथे धुवायचं आणि सांडपाणी मातीवर पसरून टाकायचं. सह्याद्रीत गडावरच्या पिण्याच्या टाक्यात हातपाय धुवायचे नाहीत, हे ट्रेकर्सना सांगावं लागत नाही. इथेही तेच लागू होतं.

बर्फात शौचाचा प्रश्न

एरवी पाण्यापासून ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून शौच मातीत पुरता येतं. बर्फात मात्र पुरलेलं शौच कुजत नाही, गोठून राहतं. वसंतात बर्फ वितळला की ते उतारावरून थेट तळ्याकडे येतं. म्हणून हिवाळ्यात कॅम्पवर शौचालयाची सोय कशी आहे आणि मैला पुढे कुठे जातो, हे बुकिंग करतानाच विचारायला हवं. टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पिशवीत घालून परत आणावेत.

काठावर थंडीही जास्त

थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागेत साचते. तळं असतं ते अशाच खोलगट भागात. शिवाय पाण्याजवळच्या दमट हवेमुळे आणि झोपलेल्यांच्या श्वासातल्या वाफेमुळे तंबूच्या आतून थेंब जमतात, स्लीपिंग बॅग ओलसर होते. थोड्या उंचवट्यावर, झाडांच्या आडोशाला रात्र तुलनेने उबदार जाते. फक्त तंबू लावण्याआधी एकदा वर पाहायचं. वाळलेली किंवा बर्फाने वाकलेली फांदी डोक्यावर असेल, तर जागा बदलायची.

शेकोटीचं काय?

पाइनच्या झाडात राळ असते, त्यामुळे वाळलेल्या सुया पटकन पेट घेतात. गढवाल-कुमाऊंत या सुयांना 'पिरूल' म्हणतात. उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ मानला जातो. या काळात एक ठिणगीही महागात पडू शकते. शेकोटीला परवानगी आहे का, हे वनविभागाकडून आधी कळून घ्यावं.

थंडी वाजते म्हणून बंद तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवणं तर जिवावर बेतू शकतं. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. झोपेत माणसाला काही कळतही नाही.

मग जागा कशी निवडायची?

सर्वात आधी परवानगी पाहा. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली होती. जंगलातही वनविभागाने ठरवलेल्या जागीच तंबू लावावा. आधीपासून वापरात असलेली टणक, सपाट जमीन असेल तर तीच घ्यावी. नवी जागा साफ करायला झुडपं तोडू नयेत.

गोठलेल्या तळ्यावर फोटोसाठीही चालू नये. वर बर्फाचा थर असला की खालचं पातळ बर्फ दिसत नाही. काठावर बसून सूर्योदय पाहायला मात्र काहीच हरकत नाही. तंबूपासून तिथवर यायला फार तर दोन मिनिटं लागतात.