पडता पडता हवा मोजणारी यानं

उमरखेडच्या बसस्थानकाकडे येणाऱ्या एसटीचा हॉर्न जवळ येताना चढा लागतो, गाडी पुढे गेली की उतरतो. रेडिओ लहरींचंही तसंच. यानाचा वेग बदलला की त्याच्या संदेशाची कंप्रता सरकते. वेग किती झपाट्याने घटला यावरून, त्याला अडवणारी हवा किती दाट, याचा हिशेब लागतो.

परग्रहाच्या हवेत शिरून तिची तपासणी पहिल्यांदा केली ती सोव्हिएत ‘व्हेनेरा ४’ने, १८ ऑक्टोबर १९६७ रोजी, शुक्रावर. तिथे पाणी असेल ही आशा तेव्हा पुरती मावळली नव्हती. म्हणून मीटरभर व्यासाच्या त्या कुपीत साखरेची कडी बसवली होती. पाण्यात पडल्यास साखर विरघळून अँटेना मोकळी व्हावी म्हणून. पाणी लागलं नाही. दीड तासाच्या उतरणीत तापमान २६२ अंशांवर गेलं, दाब पृथ्वीवरच्या २२ पट झाला आणि जमीन २५ किलोमीटर दूर असतानाच कुपी गप्प झाली. पण शुक्राची हवा नायट्रोजनची असावी हा समज तोवर मोडला होता. तिथे नव्वद टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघाला.

असाच एक प्रसंग आपल्या महाराष्ट्रातून ऐकला गेला. १९ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री युरोपचं ‘शियापरेली’ मंगळाच्या हवेत शिरलं, तेव्हा त्याचा क्षीण संदेश जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने थेट पकडला. खरं तर तो संदेश मंगळाभोवतीच्या यानांसाठी होता. साडेसतरा कोटी किलोमीटर कापून तो जवळपास दहा मिनिटांनी इथे पोचला. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि त्या पत्र्याच्या नाहीत, बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत.

उतरायच्या थोडं आधी संदेश तुटला. एका संवेदकाची नोंद सेकंदभर कमाल मर्यादेवर अडकली, संगणकाला यान जमिनीखाली पोचल्यासारखं वाटलं आणि ३.७ किलोमीटर उंचीवर इंजिनं बंद झाली. यान आदळलं. तरी त्याला वाया गेलेलं म्हणणं मला पटत नाही. उतरतानाच्या नोंदींवरूनच शास्त्रज्ञांनी तिथल्या हवेची घनता उंचीनुसार मांडली.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीअखेर, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. उमरखेड-पुसदच्या शिक्षकांनो, पल्ला लांबचा आहे. तरी एकदा पोरांना तिथे घेऊन जाच.