जुन्या मोटारीचे दान

कठोपनिषदातील नचिकेत्याची कथा आपणांपैकी बहुतेकांनी ऐकलेली असेल. त्याच्या पित्याने यज्ञ केला आणि त्या प्रसंगी गाई दान दिल्या. परंतु त्या गाईंचे खाणेपिणे संपले होते, दूध आटले होते आणि पुन्हा विण्याची आशा उरली नव्हती. ते पाहून बालवयाच्या नचिकेत्याच्या मनात शंका उभी राहिली. जे आपणांस नकोसे झाले ते दुसऱ्याच्या दारी नेऊन बांधणे, ह्याला दान म्हणावे काय? ह्या प्रश्नाची धार इतक्या शतकांनंतरही बोथट झालेली नाही. अमेरिकेत रूढ असलेल्या एका दानाचा विचार करताना तो आम्हांस पुन्हा आठवला. ते दान म्हणजे वापरून झिजलेल्या मोटारीचे. आणि ते स्वीकारणाऱ्यांत अंध व्यक्तींसाठी झटणाऱ्या संस्थाही आहेत. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव ह्यांसारख्या गावांतील पुष्कळ मराठी कुटुंबांचे कोणी ना कोणी आप्त आज अमेरिकेत आहेत. त्यांच्या पत्रांतून व बोलण्यांतून ह्या प्रथेचा उल्लेख कानी येतो. ज्यांना मोटार चालविता येत नाही त्यांच्यासाठी मोटार देऊन साधते काय, हे ह्या लेखात समजावून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

अमेरिकेत काही मोठी शहरे सोडली, तर मोटारीवाचून नित्याचे व्यवहार चालणे कठीण असते. त्यामुळे एकेका घरी दोनदोन मोटारी असणे तेथे नवलाचे नाही. मोटार जुनी झाली म्हणजे मात्र मालकापुढे पेच पडतो. विकावी तर आधी दुरुस्तीला पैसे घालावे लागतात आणि मग गिऱ्हाइकाशी घासाघीस करावी लागते. ठेवावी तर विमा भरावा लागतो व जागा अडते. अशा वेळी काही कुटुंबे एखाद्या सेवाभावी संस्थेस कळवितात. संस्था, किंवा तिने नेमलेली कंपनी, गाडी ओढून नेण्याची व्यवस्था करते. त्याचा खर्च सामान्यतः दात्यास पडत नाही. दाता मालकीपत्रावर सही करून गाडी स्वाधीन करतो. पुढे ती चालण्याजोगी असेल तर लिलावात विकली जाते, नसेल तर भंगारात जाते. आलेल्या किमतीतून खर्च वजा जाता जे उरते ते संस्थेच्या कार्याला लागते. म्हणजे अंधांच्या हाती मोटार पडत नाही. मोटारीचे मोल पडते.

बंद पडलेल्या गाडीला मोल कसले, अशी शंका कोणी घेईल. त्याचे उत्तर तिच्या पोटात आहे. मोटारीचा बराचसा भाग पोलादाचा असतो आणि पोलाद वितळवून पुन्हा वापरता येते. त्याखेरीज इंजिनात व चाकांत ॲल्युमिनियम असते, बॅटरीत शिसे असते, तारांत तांबे असते. पेट्रोलच्या गाडीचा विषारी धूर सौम्य करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचे जे उपकरण धुराच्या नळीत बसविलेले असते, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम ह्या मौल्यवान धातूंचा सूक्ष्म थर असतो. दिवे, दरवाजे, आरसे हे सुटे भाग दुसऱ्या गाड्यांना उपयोगी पडतात ते निराळेच. नचिकेत्याने पाहिलेल्या गाईंत आणि ह्या मोटारीत भेद आहे तो येथे. भाकड गाय घेणाऱ्याला तिच्यासाठी रोज चारा शोधावा लागतो. मोटार मात्र संस्थेला पोसावी लागत नाही, ती लवकरच पैशात रूपांतरित होते.

तथापि हा व्यवहार दिसतो तितका निर्मळ नेहमीच नसतो. बळीराजा दानाचे उदक सोडू लागला तेव्हा झारीच्या तोटीत शुक्राचार्य जाऊन बसले, ही कथा सर्वश्रुत आहे. दाता आणि याचक ह्यांच्यामध्ये अशा झाऱ्या पुष्कळ असतात. गाडी ओढून आणणारा, लिलाव करणारा, जाहिरात करणारा, साऱ्या व्यवहाराची देखरेख करणारी कंपनी, हे सर्व आपापला वाटा घेतात. त्यात अमेरिकेच्या करकायद्याची एक गोष्ट भर घालीत असे. धर्मादाय संस्थेस दिलेल्या वस्तूची किंमत उत्पन्नातून वजा करण्याची सवलत तेथील करदात्यास मिळू शकते. आणि पूर्वी मोटारीची किंमत दाता स्वतःच ठरवीत असे. साहजिकच मोडक्या गाडीची किंमतही कागदावर फुगत असे.

२००३ साली अमेरिकेच्या जनरल अकाउंटिंग ऑफिस ह्या सरकारी हिशेबतपासणी कार्यालयाने ह्या प्रकाराची चौकशी केली. २००० ह्या करवर्षात सुमारे ७ लाख ३३ हजार करदात्यांनी वाहनदानाबद्दल सवलत मागितली होती, आणि त्यामुळे सरकारचा सुमारे ६५ कोटी ४० लक्ष डॉलर कर कमी झाला, असा अंदाज त्या कार्यालयाने मांडला. त्याने ५४ वाहनांचा प्रवास अखेरपर्यंत तपासून पाहिला. त्यांपैकी दोनतृतीयांश वाहनांच्या बाबतीत असे आढळले, की दात्याने जी किंमत सांगितली होती तिच्या शेकडा ५ किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली होती. शंभर डॉलर दिल्याचे समाधान दात्याला आणि पाच डॉलर गरजवंताला, असा हा हिशेब झाला.

ह्यावर २००४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा बदलला. १ जानेवारी २००५ पासून दिलेल्या वाहनाबद्दल ५०० डॉलरांहून अधिक सवलत हवी असेल, तर ते वाहन प्रत्यक्ष जेवढ्या किमतीला विकले गेले तेवढीच सवलत मिळते, आणि त्या विक्रीचा लेखी दाखला संस्थेकडून घ्यावा लागतो. संस्थेने गाडी न विकता स्वतःच्या कामी वापरली, तिची मोठी दुरुस्ती केली, अथवा एखाद्या गरजू व्यक्तीस बाजारभावाहून पुष्कळ कमी किमतीत दिली, तर मात्र तिची रास्त बाजारकिंमत धरता येते. हा नियम येताच वाहनदानाबद्दल सवलत मागणारांची संख्या झपाट्याने घटली. ह्यातून काय बोध घ्यावयाचा तो सुज्ञ वाचकांनी घ्यावा. त्यानंतरही जे देत राहिले, त्यांपैकी निदान काहींचे लक्ष करापेक्षा कार्यावर अधिक असले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

म्हणून तेथील आपल्या आप्तांस आमची एवढीच सूचना आहे, की मोटार देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. संस्था खरोखरच नोंदलेली धर्मादाय संस्था आहे काय? गाडी ती स्वतः विकते की मध्यस्थाकरवी? विक्रीच्या रकमेतून तिच्या हाती किती पडते? आणि त्या पैशातून अंध व्यक्तींसाठी नेमके कोणते काम होते? गाडी बऱ्या स्थितीत असेल, तर ती स्वतः विकून पैसे देणे पुष्कळदा अधिक हिताचे ठरते, कारण मग मधल्या झाऱ्या गळतात. मालकी बदलल्याची नोंद संबंधित सरकारी कचेरीत करण्यासही विसरू नये.

आता ह्या पैशाचे पुढे होते काय, ते पाहू. वाहने स्वीकारणाऱ्या संस्थांपैकी नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही एक होय. १९४० साली पेनसिल्व्हेनियातील विल्क्सबॅरी येथे तिची स्थापना झाली. तिचे संस्थापक जेकोबस टेनब्रूक हे स्वतः अंध होते आणि कायद्याचे नामांकित अध्यापक होते. अंधांनीच चालविलेली संस्था, हे तिचे वैशिष्ट्य. ही संस्था अमेरिकेतील अंध व्यक्तींस पांढरी काठी विनामूल्य देते, ब्रेल लिपीच्या शिक्षणाचा पुरस्कार करते आणि दूरध्वनीवरून वर्तमानपत्रे ऐकण्याची सोय पुरविते. रस्त्याचा चढउतार, पायरी, खड्डा हे सारे काठीच्या टोकातून हाताला कळते. तिच्या आधारे अंध विद्यार्थी एकटा शाळेत जातो, अंध कारकून एकटा कचेरी गाठतो.

अंधांना मोटार चालविता येत नाही, असे आम्ही वर म्हटले. त्या विधानालाही एक अपवाद घडला आहे. ह्याच संस्थेच्या पुढाकाराने आणि व्हर्जिनिया टेक ह्या विद्यापीठातील अभियंत्यांच्या साहाय्याने एक मोटार सिद्ध करण्यात आली. लेसर किरणांच्या साहाय्याने ती पुढील रस्ता जाणून घेई. चालकाच्या हातमोज्यांतील कंपने त्याला सुकाणू किती वळवावे ते सांगत, तर आसनातील कंपने वेग किती ठेवावा ते सांगत. २९ जानेवारी २०११ रोजी फ्लोरिडातील डेटोना येथील शर्यतीच्या मार्गावर मार्क रिकोबोनो ह्या अंध गृहस्थांनी ती सुमारे दीड मैल स्वतः चालविली. पुढे धावणाऱ्या गाडीतून वाटेत टाकलेली खोकी चुकवून त्यांनी त्या गाडीलाही मागे टाकले. पुढे २०१४ साली ते ह्या संस्थेचे अध्यक्ष झाले. दया म्हणून टाकलेला तुकडा आणि सामर्थ्याला दिलेली संधी ह्यांतील अंतर ह्या एका प्रसंगाने स्पष्ट होते.

आपल्या देशात परिस्थिती निराळी आहे. जुन्या गाडीला येथे गिऱ्हाईक मिळते, आणि आयकरातील देणगीची सवलत जेथे मिळते तेथे ती पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूच्या नव्हे. म्हणून गाडी रीतसर विकून ती रक्कम संस्थेला देणे हाच येथे सरळ मार्ग होय. विकताना नोंदणीपुस्तकातील नाव बदलल्याची खात्री अवश्य करावी. नाव बदलले नसेल, तर गाडी दुसऱ्याकडे गेल्यानंतर झालेल्या अपघाताची भरपाईही नोंदलेल्या मालकावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. अगदी मोडकळीस आलेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत भंगारकेंद्रे सुरू झाली आहेत. तेथूनही किंमत मिळते. देण्यासाठी संस्थांची वाण नाही. मुंबईत १९०० साली ॲना मिलार्ड ह्या अमेरिकन मिशनरी बाईंनी अंधशाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. १९५२ साली मुंबईतच नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापाशी मोटार नाही, आणि ती देण्याचा अधिकारही नाही. परंतु अंध विद्यार्थ्यांना परीक्षेच्या वेळी लेखनिकाची गरज असते. उत्तरे ते सांगतात, कोणी तरी ती जशीच्या तशी लिहावयाची असतात. आणि ते काम परीक्षामंडळाच्या नियमांप्रमाणे खालच्या इयत्तेतील विद्यार्थी करू शकतो. ह्या दानात मध्यस्थ नाही, लिलाव नाही, वजावट नाही. तीन तास दिले की ते तीनही तास घेणाऱ्याच्या पदरी पडतात. मात्र अक्षर सुवाच्य हवे आणि कान सावध हवेत. आपले उत्तर त्याच्या उत्तरात मिसळू देता कामा नये. येत्या परीक्षेपूर्वी आपल्या गावातील अंधशाळेत जाऊन, लेखनिक हवे आहेत काय, एवढे विचारून यावे.