वर्गणीतून शाळा (लेखांक ५) : सहा महिन्यांची भाकरी

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर या भागांत ऊसतोडीच्या मुकादमांच्या गाड्या दिसू लागतात. घेतलेली उचल बऱ्याच घरांत लग्नात, दवाखान्यात नाहीतर जुन्या देण्यात आधीच संपलेली असते. ट्रॉलीत पिठाची गोणी, भांडीकुंडी, एखादी शेळी चढते आणि त्या सगळ्या पसाऱ्यावर पोरं बसतात. पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांवर नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणून मोजतात; कामावर गेलं नाही तर खाडा, म्हणजे दंड. आईबाप पहाटे फडात उतरले की कोपीवर (झोपडीत) धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणीतरी लागतं. ते काम बहुधा नऊ-दहा वर्षांच्या बहिणीकडे येतं, आणि तिचं दप्तर गावाकडेच राहतं.

अशा मुलीच्या शिक्षणासाठी पैसे द्यायचे म्हणजे नेमके कशासाठी?

फीसाठी नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची शाळा मोफत केली आहे. पुस्तकं मिळतात, दुपारचा पोषण आहारही मिळतो. अडतं ते शाळा सुटल्यावर. संध्याकाळी चूल कोण पेटवणार, ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार, वाढत्या वयाच्या मुलीच्या सोबतीला रात्री कोण थांबणार? घरात आजी धडधाकट असेल तर पोर मागे राहते. नसेल तर ट्रॉलीत चढते. या जिल्ह्यात शिक्षणाची देणगी म्हणजे मुख्यतः रात्रीचं जेवण, छप्पर आणि मायेचं एक मोठं माणूस.

शासनाची हंगामी वसतिगृहं याचसाठी निघाली. शाळा व्यवस्थापन समितीनं गावातच मुलांची सोय करायची, अशी ती योजना. कल्पना उत्तम आहे. पण मंजुरीला उशीर झाला आणि टोळी निघून गेली, तर त्या वसतिगृहाचा त्या मुलाला उपयोग काय?

ही पोकळी भरून काढायला काही माणसं लोकवर्गणीच्या बळावर उभी राहिली. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी इथं दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी या शतकाच्या सुरुवातीला ‘शांतिवन’ सुरू केलं. बाबा आमटे यांच्या कामाची प्रेरणा त्यामागे होती. ऊसतोड कामगारांची मुलं तिथं आली, पुढे आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरातलीही आली. गेवराईत संतोष गर्जे यांनी २००४ साली अनाथ, निराधार मुलांसाठी घर उभं केलं. ते स्वतः ऊसतोड कुटुंबातले. ब्रह्मनाथ येळंबच्या ‘सेवाश्रमा’त सुरेश राजहंस यांनी तमाशा कलावंतांची मुलं सांभाळली. त्या मुलांचे आईबापही हंगामभर गावोगाव फिरणारेच.

अशा कामाला पैसा मिळतो, पण दात्याचा ओढा दिसणाऱ्या गोष्टींकडे असतो. नावाची पाटी लावता येईल अशी खोली, वाढदिवसाचं गोड जेवण, दप्तरांचं वाटप. ही देणगी चांगलीच. मात्र स्वयंपाकीणबाईंचा पगार, वीजबिल, खरजेचं औषध, चष्मा यांना पाटी लागत नाही. म्हणून एकरकमी मोठ्या आकड्यापेक्षा दरमहा न चुकता येणारे पाचशे रुपये अशा घराला अधिक उपयोगी पडतात. ते येणार हे ठाऊक असलं, तर जूनमध्येच आणखी एका मुलाला ‘ये’ म्हणता येतं.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड आठवावा. घरोघरच्या बायका रोजच्या दळणातलं मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढून ठेवत. त्याच वसतिगृहातल्या मुलांसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्रासकट दागिने मोडले. मुष्टिफंडाचं मोल धान्यापुरतं नव्हतं. ज्यांच्या घरी स्वतःलाच कमी होतं, त्यांचाही त्या वसतिगृहात वाटा होता. बीडमध्येही संत भगवानबाबांची शिकवण घरोघर सांगतात, की जमीन विकावी लागली तरी चालेल, पण मुलं शिकवा.

देणाऱ्यानं चार गोष्टी विचाराव्यात, त्यात संकोच नको. मुलं ठेवणाऱ्या संस्थेची बाल न्याय कायद्याखाली नोंदणी आहे का? मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल दाखवतात का? देणगीवर आयकराची सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची देणगी रोखीनं देऊ नये, आणि नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही, हेही लक्षात ठेवावं. मुलांचे फोटो मागू नयेत. मदत घेतल्याचा पुरावा चेहऱ्यानं द्यावा लागणं कोणत्याही लेकराच्या वाट्याला येऊ नये.

दानाच्या पलीकडे हक्काचा पैसाही आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या उसावर कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची, असं ठरलं. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत मुलांसाठी ४१ आणि मुलींसाठी ४१ अशा ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली. ज्या उसासाठी लेकरांची शाळा सुटते, त्याच उसातून त्यांच्या वसतिगृहाचा खर्च निघावा, हे न्यायाचंच आहे. ही वसतिगृहं पुरेशी आणि वेळेवर चालतील, तोवर आर्वी-गेवराईच्या चुली लोकांच्या वर्गणीवर पेटत्या ठेवाव्या लागतील.

पुढच्या आठवड्यात : दहावी झालेल्या मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा आणि शहरातल्या राहण्याचा खर्च.