मक्याच्या पानांवरील रोग व त्यांच्या बुरशींची ओळख

मक्याचीं पानें वाळूं लागलीं म्हणजे "करपा पडला" एवढेंच म्हणून उपायास लागण्याचा प्रघात आहे. परंतु करपा हें लक्षणाचें नांव आहे, कारणाचें नव्हे. पान वाळविणाऱ्या बुरशी अनेक असून एकीवरील उपाय दुसरीस लागू पडेलच असें नाहीं. खर्च मात्र व्हावयाचा तो होतोच. याकरितां या बुरशींची ओळख शेतकरी बंधूंस येथें करून देण्याचें आम्ही योजिलें आहे.

मोठा करपा.— हा एक्सेरोहिलम टर्सिकम या बुरशीपासून होतो. जुन्या ग्रंथांत तिचें नांव हेल्मिंथोस्पोरियम टर्सिकम असें आढळतें. रोग बहुधा खालच्या पानांपासून वर चढतो. डाग होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांस निमुळता व १ ते ६ इंच लांब असतो. त्याचा रंग प्रथम राखी-हिरवा व पुढें पिंगट होतो. थंड हवा व पानांवर रात्रभर टिकणारें दंव यांत हा रोग झपाट्यानें वाढतो.

बारीक करपा.— याची बुरशी बायपोलॅरिस मेडिस. डाग सहसा इंचाहून लांब नसतो, व शिरांनीं अडविल्यामुळें त्याच्या बाजू समांतर दिसतात. यास उष्ण व दमट हवा मानवते.

तांबेरा.— पक्सिनिया सॉरघाय या बुरशीमुळें पानाच्या दोन्ही बाजूंस तांबूस-पिंगट पुळ्या उठतात. त्यांवरून बोट फिरविलें असतां भुकटी बोटास लागते. करप्याच्या डागांत असें होत नाहीं.

केवडा.— यांत पानांवर फिकट पिवळे लांब पट्टे येतात, व पहाटे पानाच्या खालच्या अंगास पांढरी लव दिसते. जस्ताच्या उणिवेनेंही पांढरट पट्टे येतात, परंतु तेथें लव नसते. केवड्याचें कारण जो जीव, त्यास आजचे शास्त्रज्ञ खऱ्या बुरशींत गणीत नाहींत. म्हणूनच केवड्यासाठीं बियाण्यास लावावयाचें मेटॅलॅक्सिल हें औषध करप्यावर निरुपयोगी ठरतें.

डोळ्यांनीं निश्चय होत नसेल तर डागाची कड येईल असा पानाचा तुकडा कापावा, व झांकणाच्या बशींत ओल्या टिपकागदावर एक-दोन दिवस ठेवावा. करपा असल्यास त्यावर काळसर लव येते. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं टर्सिकमचे बीजाणू चातीसारखे, बहुधा सरळ व एका टोकास बोंडी बाहेर आलेले दिसतात. मेडिसचे बीजाणू कोरीसारखे वांकडे असून त्यांस तशी बोंडी नसते. हें काम कृषि विद्यापीठांत किंवा कृषि विज्ञान केंद्रांत करून घ्यावें. नमुना कागदांत गुंडाळून न्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवींत पान कुजून त्यावर भलतीच बुरशी चढते.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास अमेरिकेचें उदाहरण देतों. तेथील बहुतेक संकरित मका त्या काळीं टेक्सास नांवाच्या एकाच नरवंध्य मातृवंशाचा असे. १९७० सालीं मेडिस बुरशीची एक नवी जात नेमकी त्याच वंशावर पडली, व देशांतील मक्याचें सुमारें १५ टक्के पीक बुडालें. तात्पर्य, "रोगप्रतिकारक बियाणें" एवढ्या शब्दांवर विसंबून राहूं नये. तें कोणत्या रोगास प्रतिकार करतें हें विचारावें, आणि तें विचारण्यास आपल्या शेतांतील रोग कोणता हें आधीं ठाऊक पाहिजे.

दोन्ही करप्यांच्या बुरशी धसकटांवर व वाळल्या पानांवर तग धरतात. म्हणून तो पाला खोल नांगरून गाडावा व पुढच्या वर्षीं तेथें दुसरें पीक घ्यावें. तांबेऱ्यास जिवंत झाड लागतें व तो वाऱ्यानें दुरून येतो, तेव्हां त्यास हा उपाय पुरत नाहीं. दाणा भरण्याचें काम मुख्यत्वें कणसाजवळचीं व वरचीं पानें करितात. तीं तुरा येण्यापूर्वीं रोगास बळी पडलीं तर नुकसान मोठें होतें. म्हणून पीक गुडघ्याएवढें झाल्यापासून आठवड्यास एकदां तरी शेतांत शिरून खालचीं पानें उलटून पाहावीं, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.